व्यवस्थापनाची प्रवेशपरीक्षा आणि खेड्यातील पदवीधर



मागच्या महिन्यात एका खेड्यातील गुरुजींचे पत्र आले. पत्र लहानसेच होते. "आमच्या शाळेतून गेलेला एक मुलगा यंदा बी. कॉम. झाला. पुढे एम. बी. ए. करीन म्हणतो. त्यासाठी प्रवेशपरीक्षा असते आणि तिची तयारी पुण्यास राहूनच होते, असे त्यास कोणी सांगितले आहे. वडिलांच्या दोन म्हशी आहेत. त्यांतली एक ते विकावयास निघाले आहेत. विकू द्यावी काय, हे कळवावे."

पत्रातले शेवटचे वाक्य मला फार आवडले. परीक्षा सोपी की अवघड, हे गुरुजींनी विचारले नाही. म्हैस विकावी काय, एवढेच विचारले. आज त्या म्हशीला धरूनच मी चार शब्द बोलणार आहे.

मी राहतो पुण्याच्या कर्वेनगरात. सकाळी सात वाजता घराखाली उतरावे, तो पाठीला पिशवी अडकवलेल्या मुलामुलींची रांग चाललेली दिसते. कोणी सोलापूरकडचा, कोणी बीडची, कोणी जळगावचा. गल्लीगल्लीतून मुलींची वसतिगृहे आहेत, खानावळी आहेत, अभ्यासिका आहेत. कोणी अभियांत्रिकी शिकते, कोणी सरकारी नोकरीच्या परीक्षांना बसते, आणि पुष्कळजण या व्यवस्थापनाच्या प्रवेशपरीक्षेच्या मागे असतात. मी आयुष्यभर गणित शिकवले. त्यामुळे संध्याकाळी त्यांतली काही मुले वही घेऊन माझ्याकडे येतात. मी सांगतो आहे ते बहुतेक त्यांच्याकडूनच शिकलो आहे.

आता ही परीक्षा म्हणजे काय, ते आधी पाहू. एक नव्हे, अनेक परीक्षा आहेत. पण आपल्या कामाच्या मुख्य दोन. पहिली आपल्या राज्याची सामाईक प्रवेशपरीक्षा, जिला सगळे सीईटी म्हणतात. महाराष्ट्रातल्या एम. बी. ए. महाविद्यालयांतल्या बहुतेक जागा तिच्या गुणांवर भरतात. दुसरी कॅट. ती देशातल्या भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजे आयआयएम, मिळून घेतात. कलकत्ता आणि अहमदाबाद येथे १९६१ साली या संस्थांचा आरंभ झाला. आपल्या राज्यात नागपूरला २०१५ साली अशी संस्था निघाली, आणि मुंबईची जुनी नीटी ही संस्था २०२३ साली आयआयएम झाली.

सीईटीचे स्वरूप कसे? २०२४ साली तिच्यात २०० प्रश्न होते आणि वेळ १५० मिनिटे. भागाकार करून पाहा. एका प्रश्नास ४५ सेकंद! तेवढ्यात आपल्याकडे चहाचा कप बशीत ओतून होत नाही. त्या २०० प्रश्नांत तर्काचे ७५, आकृत्यांचे २५, गणिताचे ५० आणि इंग्रजीचे ५०. चुकीच्या उत्तरास गुण कापत नव्हते. कॅटचे उलट. २०२४ साली तिच्यात अवघे ६८ प्रश्न होते, वेळ दोन तास, आणि इंग्रजी, तक्ते व तर्क, गणित असे तीन भाग. प्रत्येक भागास ४० मिनिटे ठरलेली. एका भागातली मिनिटे दुसऱ्या भागात नेता येत नाहीत. बरोबर उत्तरास तीन गुण. चुकल्यास एक गुण वजा. मात्र ज्या प्रश्नांना पर्याय नसतात, उत्तर आपणच टंकायचे असते, तेथे चुकले तरी वजा नाही. हे नियम दरसाल थोडेफार बदलतात, म्हणून त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. मित्राने वाचली आहे, एवढ्यावर राहू नये.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या शाळेने मुलाला काय शिकविले? पहिला प्रश्न आधी सोडव, मग दुसरा. पायऱ्या दाखव. अडलास तर पुन्हा विचार कर. प्रश्न सोडून पळू नकोस. हे शिक्षण वाईट नाही. मीही तेच दिले. पण ही परीक्षा नेमके त्याच्या उलटे मागते. येथे पायऱ्यांना गुण नाहीत. कोणता प्रश्न हाती घ्यावा आणि कोणता बाजूला ठेवावा, हे ज्याला पटकन ठरविता येते, त्याची ही परीक्षा. उद्या तो एखाद्या कारखान्यात वा बँकेत बसला की त्याच्यापुढे रोज वीस कामे येणार आणि वेळ आठांचाच असणार. परीक्षा घेणाऱ्यांनी हे जाणूनबुजून केले आहे.

माझ्याकडे माण तालुक्यातली एक मुलगी येत असे. बी. एस्सी. झालेली, अक्षर मोत्यासारखे, गणित पक्के. पहिल्या सराव-परीक्षेत तिने २०० पैकी ६१ प्रश्न सोडविले. त्यातले ५६ बरोबर! बाकीचे १३९ तिने वाचलेसुद्धा नव्हते. शेवटचा इंग्रजीचा भाग तर उघडलाच नव्हता. तिच्या शेजारी बसलेल्या शहरी मुलाने सगळे २०० प्रश्न उरकले आणि त्याचे ९४ बरोबर आले. मुलगी रडकुंडीस आली. "सर, त्याच्यापेक्षा मला जास्त येतं हो!" खरेच होते ते. पण परीक्षेला त्याचे काय?

मग आम्ही एक खेळ सुरू केला. घड्याळ लावून पाच मिनिटांत वीस प्रश्न फक्त वाचायचे. सोडवायचा एकही नाही. प्रत्येकापुढे एक अक्षर घालायचे: 'आ' म्हणजे आत्ता, 'नं' म्हणजे नंतर, 'सो' म्हणजे सोडला. पहिल्या दिवशी तिच्या कागदावर एकही 'सो' नव्हता. तिला ते अक्षर लिहिण्याची लाज वाटे. सोडणे म्हणजे हरणे, असे दहा-बारा वर्षे मनावर बिंबलेले. महिनाभर गेला तेव्हा कोठे ती न संकोचता 'सो' लिहू लागली. आणि ज्या दिवशी लिहू लागली त्या दिवसापासून तिचे गुण चढू लागले. त्या काळात मी तिला गणिताचे नवे असे काहीच शिकविले नव्हते.

येथे ठोकताळ्याचा थोडा हिशेब सांगतो. कॅटमध्ये चार पर्याय असताना डोळे मिटून खूण केली, तर चारांत एकदा तीन गुण मिळतील आणि तीनदा एकेक जाईल; म्हणजे जमा तेवढाच खर्च, शिल्लक शून्य. पण चारांपैकी एक पर्याय नक्की चुकीचा आहे असे कळले, तर तिघांत एकदा तीन मिळतात आणि दोनदा एकेक जातो. तीन प्रश्नांत एक गुण शिल्लक पडतो. तेव्हा अंदाज वाईट नाही, आंधळा अंदाज वाईट. १२ बरोबर नि २ चूक म्हणजे ३४ गुण. १० बरोबर नि १० चूक म्हणजे २० गुण. कष्ट कोणी जास्त केले? आणि सीईटीसारख्या परीक्षेत, जेथे वजाबाकीच नाही, तेथे शेवटच्या मिनिटास एकही प्रश्न कोरा ठेवणे हा शुद्ध वेडेपणा होय.

आणखी एक घोटाळा निस्तरतो. निकालात 'पर्सेंटाइल' असा शब्द येतो आणि घरची मंडळी तो टक्के म्हणून वाचतात. शेजारी विचारतो, "पोराला नव्वद टक्के पडले, मग प्रवेश का नाही?" ते टक्के नव्हेत हो. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे शंभरांपैकी नव्वदजण तुमच्या मागे आणि दहाजण पुढे. २०२४ च्या कॅटला सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवार बसले होते. त्यांत ९९ पर्सेंटाइल मिळविणाऱ्याच्याही पुढे जवळजवळ २,९०० जण होते! तेव्हा आपले गुण किती, याहून आपण रांगेत कोठे, हे येथे पाहतात.

आता गणिताकडे वळतो. तेथे मला बोलायला आवडते, म्हणून जरा जास्त बोलेन. या परीक्षेतले गणित दहावीच्या फार पलीकडचे नाही. शेकडेवारी, नफा-तोटा, व्याज, गुणोत्तर, काळ-काम-वेग, थोडे बीजगणित, थोडी भूमिती. मग अडते कोठे? हाताच्या वेगात. आणि या बाबतीत आपल्या आजोबांची शाळा आपल्याहून शहाणी होती, असे मला वाटते. तेव्हा मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकत. औटकीदेखील, म्हणजे साडेतिनाचा पाढा. आम्ही ते सारे जुनाट म्हणून फेकून दिले. आज पुण्यातल्या क्लासात त्याच गोष्टी इंग्रजी नावाने, पैसे घेऊन शिकवितात!

असे पाहा. ४८० चे साडेसदतीस टक्के किती? कागदावर गुणाकार मांडलात तर मिनिट गेले. पण साडेबारा टक्के म्हणजे आठवा हिस्सा, आणि साडेसदतीस म्हणजे तसे तीन हिस्से. ४८० चा आठवा हिस्सा ६०, त्याचे तिप्पट १८०. झाले. एखाद्या वस्तूची किंमत २५ टक्क्यांनी वाढली. ती पुन्हा पूर्वीच्या ठिकाणी आणायला किती टक्के उतरवावी? पुष्कळ मुले २५ च म्हणतात. अहो, सव्वा झाले म्हणजे चार पावांचे पाच पाव झाले. पाचातला एक काढा. पाचवा हिस्सा, म्हणजे २० टक्के. किंवा हा प्रश्न घ्या: एसटी रोजच्या पाऊणपट वेगाने चालली आणि २० मिनिटे उशिरा पोचली, तर रोज तिला किती वेळ लागतो? वेग तीन-चतुर्थांश झाला की वेळ चार-तृतीयांश होतो, म्हणजे तिसरा हिस्सा वाढतो. तो तिसरा हिस्सा २० मिनिटे, तर सबंध वेळ ६० मिनिटे. सूत्र नको, समीकरण नको. पाव, अर्धा, पाऊण तोंडात बसले पाहिजेत.

आमच्या खेड्यातल्या मुलाला व्यवहाराचा अंदाजही असतो, पण हे गणित आहे हे त्याला ठाऊक नसते. सावकार "शेकडा दोन" म्हणतो, तेव्हा ते दरमहाचे दोन आहेत, वर्षाचे चोवीस झाले, आणि महिन्याच्या महिन्याला व्याजावर व्याज चढले तर २६.८ टक्क्यांवर जाते, हे त्याच्या बापाने भोगलेले असते. तोच प्रश्न चक्रवाढ व्याज म्हणून इंग्रजीत छापून आला की मुलगा घाबरतो.

तक्त्यांचे प्रश्नही तसेच. उसाचेच घ्या. २०२५-२६ च्या हंगामास केंद्र सरकारने उसाचा रास्त व किफायतशीर भाव, ज्याला आपण एफआरपी म्हणतो, क्विंटलला ३५५ रुपये ठरविला, तो १०.२५ टक्के उताऱ्यास. त्यापुढे दर ०.१ टक्क्यास ३ रुपये ४६ पैसे जास्त, आणि उतारा कमी असेल तर त्याच हिशेबाने कमी. मात्र साडेनऊ टक्के वा त्याखाली उतारा गेला तरी ३२९ रुपये ५ पैशांच्या खाली भाव जाणार नाही. आता तीन कारखाने धरा: एकाचा उतारा १०.२५, दुसऱ्याचा ११.०५, तिसऱ्याचा ९.२. दुसरा पहिल्यापेक्षा टनाला किती जास्त देणे लागतो? फरक ०.८ चा, म्हणजे आठ वेळा ३.४६; क्विंटलला २७ रुपये ६८ पैसे, टनाला २७६ रुपये ८० पैसे. आणि तिसरा? येथे हुशार मुलगाही फसतो. तो सरळ साडेदहा वेळा ३.४६ वजा करून ३१८ रुपये ६७ पैसे काढतो. तळटीप वाचलीच नाही! उत्तर ३२९.०५. परीक्षेतले तक्त्यांचे प्रश्न असेच असतात. आकडेमोड थोडी, आणि सगळी मेख एखाद्या बारीक अक्षरातल्या अटीत. ज्या घरात उसाची पट्टी आली की बाप कंदिलाजवळ नेऊन तोडणी-वाहतुकीची वजावट दोनदा तपासत असे, त्या घरातल्या मुलाला हे जड का जावे?

गुरुजनहो, हे आपल्यासाठी सांगतो. आठवी-नववीच्या वर्गात आठवड्यातून एक तास असा द्या, की फळ्यावर दूधसंस्थेचे मापाचे पत्रक, एसटीचे वेळापत्रक, सातबारा, बाजार समितीचा भाव, यांपैकी काहीतरी मांडावे आणि त्यावर तोंडी प्रश्न विचारावे. पाटी नको, वही नको. मुलगा पुढे एम. बी. ए. झाला नाही तरी पट्टी वाचायला शिकेल.

तर्काच्या प्रश्नांविषयी फार सांगत नाही. ते सरावाने येतात. फक्त एक गंमत. त्यांत नात्यांचे प्रश्न असतात, आणि आपली मुले तेथे हटकून चुकतात. कारण इंग्रजीत काका, मामा, मावशीचे यजमान, आत्याचे यजमान, सगळ्यांना एकच शब्द, 'अंकल'! आमचा मुलगा वाचता वाचता मनात 'काका' म्हणतो, वडिलांचा भाऊ धरून बसतो आणि उत्तर मामाचे असते. तसाच 'ब्रदर-इन-लॉ', त्यात दीर आला, मेहुणा आला, भावजी आले, कधी साडूही आला. म्हणून नाते मनात मराठीत बोलू नये. कागदावर वंशावळीसारखी झाडाची आकृती काढावी.

राहता राहिले इंग्रजी. मराठी माध्यमातल्या मुलाच्या पोटात गोळा येतो तो येथे. त्याला मी सांगतो, तुला इंग्रजी बोलता येते की नाही, हे येथे कोणी विचारीत नाही. वाचलेले कळते काय, हे विचारतात. आणि वाचलेले कळण्याची सवय मराठीतच लागते. रोजच्या वर्तमानपत्रातला अग्रलेख घ्या. वाचा, बाजूला ठेवा, आणि दोन वाक्यांत लिहा: लेखकाचे म्हणणे काय, आणि तो कोणाचे खोडून काढतो आहे. हे मराठीत पंधरा दिवस जमले की इंग्रजी अग्रलेख घ्या. सारांश मात्र मराठीतच लिहा. अडलेला शब्द लगेच कोशात पाहू नका, आधी वाक्यावरून अंदाज करा. पहिला महिना कंटाळवाणा जातो. तिसऱ्या महिन्यात मूल आपण होऊन वाचू लागते, असा माझा अनुभव आहे.

पर्यायांत सापळे असतात, त्यांतला मोठा सापळा आपल्या एका अक्षराने समजावता येतो. "सभासद जागे असले तर संस्था चालते" आणि "सभासद जागे असले तरच संस्था चालते." या दोन वाक्यांत एका 'च'चा फरक आहे, पण अर्थ पार बदलतो. उताऱ्यात 'तर' असते आणि पर्यायात गुपचूप 'तरच' घातलेले असते. इंग्रजीत तो 'च' ओन्ली, ऑल्वेज, नेव्हर अशा शब्दांत दडतो. मुलांना 'च' शोधायला लावा.

आता थोडे विषयांतर वाटेल असे बोलतो, पण ते विषयांतर नाही. मी राहतो त्या भागाचे जुने नाव हिंगणे. महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली विधवा मुलींसाठी आश्रम काढला. पुढे रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी येथे सहा एकर जागा दिली; तीवर झोपडी उभी राहिली आणि १९०० साली आश्रम तेथे आला. कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत आणि चिखल तुडवीत येथवर पायी येत. आज त्याच परिसरात मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, मुलींसाठी व्यवस्थापनाची संस्थाही आहे. पण मला सांगायची आहे ती त्याच्या आधीची गोष्ट. हेच कर्वे कोवळ्या वयात कोकणातल्या मुरूडहून सरकारी परीक्षेसाठी साताऱ्यास निघाले. भर पाऊस, सह्याद्रीचा घाट, सुमारे ११० मैलांची पायपीट. पोचले, आणि परीक्षकांनी त्यांना बसूच दिले नाही. का? तर वयाने लहान दिसतात म्हणून! अभ्यास कच्चा होता म्हणून नव्हे.

हे सांगण्याचे कारण असे की, आजही खेड्यातली पुष्कळ मुले अभ्यासात नव्हे, तर कागदात अडतात. गुण चांगले पडतात आणि प्रवेशाच्या दिवशी जातवैधता प्रमाणपत्र हाती नसते. नॉन-क्रीमीलेअरचा दाखला मुदतबाह्य झालेला असतो. दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव एक, आधारकार्डावर दुसरे. घाटाएवढेच हे अडवणारे आहे. पदवीला खुल्या वर्गास निदान ५० टक्के आणि आपल्या राज्यातल्या राखीव वर्गांना ४५ टक्के लागतात, हेही काहींना अर्ज भरताना कळते. तेव्हा अभ्यासाच्या पहिल्या दिवशीच कागदांची एक यादी करा आणि तहसील कचेरीची वाट धरा. जातपडताळणीस महिने लागतात.

मुलींच्या पालकांनी तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये असा निर्णय केला की, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गातल्या ज्या कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण-फी आणि परीक्षा-फी पूर्ण माफ. पण प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून झाला पाहिजे. कोणी मध्यस्थ येतो, "परीक्षेचे काय एवढे, व्यवस्थापन-कोट्यातून जागा देतो" म्हणतो. त्या जागेला ही माफी नाही. खाजगी विद्यापीठे व अभिमत विद्यापीठे यांनाही ती लागू नाही. म्हणजे दीडशे मिनिटांची ती परीक्षा नीट दिली, तर कित्येक घरांची सगळी फी वाचते. माण तालुक्यातल्या त्या मुलीचे तसेच झाले. तिच्या वडिलांनी जमिनीचा तुकडा गहाण टाकायचे मनात आणले होते. तो तसाच राहिला.

आणि प्रत्येक एम. बी. ए. सारखे नसते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. पाटी मोठी, इमारत काचेची, आणि दोन वर्षांनी मुलगा पंधरा हजारांवर घरोघर माल खपवीत हिंडतो, असेही मी पाहिले आहे. महाविद्यालयात गेलात तर "सर्वांत मोठा पगार किती मिळाला" हे विचारू नका. तो एकाच मुलाचा असतो. सगळ्यांना ओळीने उभे केले तर मधल्याला किती मिळाला, हे विचारा. उत्तर द्यायला कोणी आढेवेढे घेऊ लागला की तेथून निघा. ज्यांना शेती, सहकार, दूध यांतच राहायचे आहे त्यांनी पुण्यातली वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था पाहावी. किंवा आणंदला १९७९ साली निघालेली ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था, जी २०२५ मध्ये त्रिभुवन सहकारी विद्यापीठात सामील झाली. तेथेही अशाच प्रवेशपरीक्षांचे गुण पाहतात.

आता म्हशीकडे येतो.

गुरुजी, म्हैस आताच विकू देऊ नका. पुण्यात जे मिळते त्यातले पहिल्या सहा महिन्यांचे सगळे आपल्या गावात होण्यासारखे आहे. पाढे, शेकडेवारी, अग्रलेख, तक्ते यांना क्लास लागत नाही. रोज चार तास आणि विचारपूस करणारे एक माणूस लागते. ते माणूस आपण आहातच. सुटलेल्या प्रश्नाबद्दल त्याला शाबासकी देऊ नका. वेळेवर सोडून दिलेल्या प्रश्नाबद्दल द्या. शेवटचे तीन महिने मात्र संगणकावरच्या सराव-परीक्षा हव्यात. ही परीक्षा कागदावर नसते. पडद्यावरचा लांब उतारा वरखाली सरकवीत वाचणे, डाव्या हाताशी कच्चा कागद आणि उजव्या हाती माऊस, याची सवय नसली तर दहा-पंधरा गुण तेथेच जातात. त्यासाठी तालुक्याच्या गावी संगणक मिळतो, आपल्या शाळेतही असेल. कॅट घेणारी संस्था आपल्या संकेतस्थळावर एक सराव-परीक्षा फुकट ठेवते. तेवढ्यावर भागले नाही आणि पुण्यास यावेच असे वाटले, तर तीन महिन्यांसाठी यावे. तीन महिन्यांचा खर्च दुधावर निघेल. वर्षाचा निघणार नाही.

पण तेही ठरविण्याआधी एक करा. येत्या रविवारी मुलाला शाळेत बोलवा. मागच्या एखाद्या वर्षीची सीईटीची प्रश्नपत्रिका मिळवा, घड्याळ समोर ठेवा आणि १५० मिनिटे त्याला एकट्याला बसवा. मध्ये चहा नको, फोन नको. मग मला दोनच आकडे कळवा: त्याने किती प्रश्नांना हात घातला, आणि त्यांतले किती बरोबर आले. पहिला आकडा लहान नि दुसरा त्याच्या जवळ असेल, तर म्हैस गोठ्यातच राहू द्या आणि उद्यापासून 'सो' लिहायला शिकवा. पहिला मोठा नि दुसरा त्याच्या निम्म्याहूनही कमी असेल, तर आधी पावकी-निमकी. दोन्ही लहान असतील, तर यंदा घाई नको. त्याला वर्षभर गावच्या पतसंस्थेत हिशेब लिहू द्या, संध्याकाळी अभ्यास चालू ठेवू द्या आणि पुढच्या वर्षी बसू द्या. पत्राची वाट पाहतो.